वारसाफेरी नेणाऱ्यांसाठी धागा: नेमकं कुठे अडतं?

हेरिटेज वॉक नेणाऱ्यांनी लिहावं. ‘लोकांना फार आवडलं’ एवढ्यावर भागवू नका. माणसं किती, थांबे किती, फसतं कुठे, ते सांगा.

*

दोन तासांत दीड-दोन किलोमीटर चाल आणि आठ थांबे. जास्त धरले की शेवटचे तीन पळत उरकावे लागतात. माइक नसेल तर वीस माणसं पुरे. पंचविसावा मागे मोबाइल काढतो, कारण त्याला ऐकूच येत नसतं.

उभं राहायचं ते असं: ऊन सांगणाऱ्याच्या तोंडावर, ऐकणाऱ्यांच्या पाठीवर. म्हणून सकाळी पूर्वेकडे तोंड असलेल्या वास्तू आधी घ्याव्यात.

*

उन्हावरून शिलालेख आठवले. टॉर्च समोरून मारली की अक्षरं सपाट होतात. ती दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने धरा. खाचेत सावली पडते आणि अक्षर उठून दिसतं. डावीकडून नाही जमलं तर वरून. पुसट लेखात उभ्या रेघा एका बाजूने लागतात, आडव्या दुसऱ्या.

खडू किंवा तेल भरून अक्षरं ‘स्पष्ट’ करणारे महाभाग अजून आहेत. तेल दगडात मुरतं, त्यावर धूळ धरते, मग निघता निघत नाही. असं कुणी सरसावलं तर तिथेच थांबवा.

*

लेख वाचला तरी साल चुकतंच! शकात सरसकट ७८ मिळवू नका. इसवी सन जानेवारीत बदलतो, शक चैत्रात. मधल्या महिन्यांना ७९ लागतात. शके १५५१ चा फाल्गुन १६३० मध्ये पडतो, १६२९ मध्ये नाही. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान, त्यामुळे तिथे ठरावीक बेरीज नाहीच. तक्ता जवळ ठेवा.

*

ट्रेकसारखा इथेही एक ‘टेल’ हवा, म्हणजे सगळ्यांच्या मागे चालणारा माणूस. त्याने फोटो काढायचे नाहीत, फक्त डोकी मोजायची. प्रत्येक रस्ता ओलांडल्यावर. उशिरा येणाऱ्यांसाठी दहा मिनिटांवर थांबू नये. त्यांना दुसऱ्या थांब्याचं लोकेशन आधीच पाठवून ठेवावं.

*

भुयाराचं कुणी लिहिलंच नाही? ‘इथून पार किल्ल्यापर्यंत भुयार आहे म्हणे’ हे कुणीतरी विचारणारच. अनेकदा ते तळघर किंवा जमिनीखालून पाणी नेणारा नळ निघतो. पण झटकून टाकू नका, सांगणारा बहुधा त्याच गल्लीतला असतो. ‘आत किती अंतर कुणी पाहिलंय?’ एवढंच विचारा. टिपणात प्रत्येक वाक्यापुढे खूण करावी: ‘का’ म्हणजे कागदोपत्री, ‘ऐ’ म्हणजे ऐकीव. बोलताना दोन्हींची सरमिसळ झाली की पुढच्या फेरीत आपलीच ऐकीव गोष्ट पुरावा म्हणून परत ऐकायला मिळते.