शटर दाबलं की आरसा वरच अडकतो, सेल नवीन असूनही

अर्धा_रोल
जुना एसएलआर कॅमेरा आहे (आरशातून लेन्समधलं दृश्य दाखवणारा), इलेक्ट्रॉनिक शटरवाला, कपाटात बरीच वर्षं पडून होता. दोन नवे एलआर ४४ (अल्कलाइन बटण सेल) टाकले, मल्टिमीटरवर मिळून ३.१ व्होल्ट येतायत म्हणजे सेल ठणठणीत. पण बटण अर्धं दाबलं की व्ह्यूफाइंडरमधला दिवा क्षणभर लागतो नि विझतो, पूर्ण दाबलं की आरसा वर जाऊन तिथेच बसतो, स्पीडचा डायल बी वर (बटण दाबून धराल तेवढा वेळ शटर उघडं) नेला की खाडकन खाली. बी आणि मेकॅनिकल (सेलशिवाय चालणारा) १/६० सेकंद मात्र मस्त चालतात. सर्किट गेलं का? आधीच विचारतोय कारण मी उघडलेली वस्तू परत बंद होत नाही हा इतिहास आहे 😅

काळा_पडदा
एवढ्यात सर्किटवर खापर नको. बी ला चालतोय म्हणजे शटरचे पडदे, स्प्रिंगा ठीक आहेत, गडबड वेळ मोजणाऱ्या भागात किंवा त्याला मिळणाऱ्या विजेत. आणि ते ३.१ तुम्ही सेल नुसते असताना मोजलेत ना? त्याला काही अर्थ नाही. मल्टिमीटर करंट जवळजवळ घेतच नाही त्यामुळे कुजलेल्या वायरमधूनही पूर्ण व्होल्ट दिसतात. बटण अर्धं दाबून धरा आणि तेव्हा मोजा.

सोल्डरचा_धूर
माझ्या मते शटरचा इलेक्ट्रोमॅग्नेट. त्याच्या तोंडावर जुन्या फोमचा चिकटा किंवा तेल येतं नि मग ते वेळेवर सुटत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा.

काळा_पडदा
होतं तसं, पण मग दिवा का विझेल? चिकट मॅग्नेटने मीटरचा (कॅमेऱ्यातल्या प्रकाश मोजणाऱ्या भागाचा) दिवा जात नाही. तळाचं झाकण काढा (स्क्रूला नीट बसणारा ड्रायव्हर घ्या, नाहीतर खाचा गेल्याच), बटण अर्धं दाबून आधी सेलच्या टोकांवर मोजा, मग त्याच वायरी बोर्डाला जिथे जोडल्यात तिथे. दोन्हीकडे पडलं तर सेल लेचेपेचे किंवा आत कुठेतरी जास्त करंट जातोय, फक्त बोर्डाकडे पडलं तर वाटेत रोग आहे. पुढच्या वेळी एसआर ४४ (त्याच मापाचे सिल्व्हर ऑक्साइड सेल) घ्या, त्यांचा व्होल्टेज शेवटपर्यंत १.५५ च्या आसपास टिकतो, अल्कलाइनचा हळूहळू उतरत जातो.

अर्धा_रोल
सेलवर ३.०, बोर्डावर १.९!! वायर वरून लालभडक, टोकाचं प्लास्टिक सोललं तर आत तांबं काळं, बोटाने चुरगाळलं तर भुकटी. जुना सेल कधीतरी गळला असणार, कप्पा तर मी व्हिनेगरच्या बोळ्याने पुसून चकाचक केला होता पण ते आतून एवढं चढतं हे डोक्यातच आलं नाही. वायर बदलली, आता सगळे स्पीड लागतायत. फक्त आयएसओ (फिल्मच्या संवेदनशीलतेचा) डायल फिरवताना मीटरचा दिवा उड्या मारतो.

सोल्डरचा_धूर
बरं बाबा, हरलो 🙏 उड्या म्हणजे डायलखालच्या कार्बन पट्टीवर मळ. तीसचाळीस वेळा इकडून तिकडे फिरवा, उघडू नका. आणि हे वाचून कोणी फ्लॅशवाला कॉम्पॅक्ट (छोटा) कॅमेरा खोलणार असेल तर थांबा, फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या घरात असतात आणि सेल काढल्यावरही राहतात, मी खाल्लाय तो झटका, कोपरापर्यंत गेला.

अर्धा_रोल
फिरवतोय. २०० ला अजून अडखळतो, बाकी सरळ. झाकणाचा एक स्क्रू उरलाय तो कुठला ते मात्र विचारू नका.