गिरणेकाठच्या वावरातली गारेची पाती : हत्यार की पूजेची वस्तू?

गिरणाकाठ
वखरणीत आमच्या वावरात नखाएवढी गारेची, म्हणजे गारगोटीच्या दगडाची, पाती निघतात. धार अजून बोट कापते. आजीने एक देव्हाऱ्यात ठेवलंय, रोज हळदकुंकू वाहते. मित्र म्हणतो, मध्याश्मयुगातली, म्हणजे शेती येण्याआधीच्या काळातली असतील. त्या शिकारी माणसांची ही कामाची हत्यारं होती की पूजेची? ओळखायचं कसं?

चाळीसगावकर
भाऊ, पात्याची एक कड मुद्दाम बोथट केलीय का बघा. असेल तर ती बाजू लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत डिंक-राळेने बसवायची. अशी पाती ओळीने लावून तीर, सुऱ्या करत. म्हणजे कामाचीच.

पण नुसत्या वस्तूवरून पूजा ओळखता येत नाही. ती कुठे आणि कशासोबत मिळाली, घासली कुठे, हे बघावं लागतं. इंग्लंडमधल्या स्टार कारला १९४९ ते ५१ च्या उत्खननात सांबरासारख्या लाल हरणांच्या कवट्यांची २१ शिरोभूषणं निघाली. साधारण ११ हजार वर्षांपूर्वीची. कवटीला भोकं पाडलेली, आतून खरवडलेली, शिंगं वजन कमी व्हावं म्हणून कोरून हलकी केलेली. एवढी मेहनत डोक्यावर घालण्यासाठीच! नाचायला की हरणांना फसवायला, यावर आजही वाद आहे. आणि ती मिळाली कुठे, तर तळ्याकाठी, शिकारीच्या शिंगाच्या काटेरी टोकांच्या सोबतीला. मला वाटतं, देवाचं आणि कामाचं असे वेगळे कप्पे त्यांनी केलेच नसावेत.

आपल्या चाळीसगावजवळच्या पाटण्यालाही सूक्ष्मास्त्रं, म्हणजे अशीच बारीक दगडी हत्यारं आहेत. तिथल्या शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मात्र स्टार कारहून जुने, सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचे. पुरातत्त्वज्ञ साळींनी १९७२-७३ मध्ये खणले. एका कवचावर तर एकमेकींना छेदणाऱ्या रेघांची नक्षी आहे. पोटाची भ्रांत असताना कुणीतरी निवांत बसून त्या रेघा ओढल्या, याचं मला फार अप्रूप वाटतं.

अक्राणीवाला
सातपुड्यातल्या काठी गावच्या होळीला नाचणारे बुध्या कमरेला वाळलेले भोपळे बांधतात, डोक्यावर मोरपिसांचा टोप. तसाच भोपळा घरी पाण्यासाठी टांगलेला असतो. आमचे लोक आजचे आहेत, अश्मयुगाशी नातं जोडू नका. पण एकच वस्तू दोन्हीकडे चालते, हे आम्हाला नवं नाही.

गिरणाकाठ
बघितलं. दोन पात्यांची कड बोथट आहे. आजीचंही तसंच.

चाळीसगावकर
ते राहू द्या तिथेच. बाकीची धुऊ नका, आणि कुठल्या बांधाजवळ निघाली ते वहीत लिहून ठेवा.