'स्लेव्ह टू सेन्सेशन' वाचनगटासाठी घ्यावी का?

कोपरीकर
आमच्या ठाण्याच्या वाचनगटात कुणीतरी नलिनी सिंग यांची 'स्लेव्ह टू सेन्सेशन' (२००६) सुचवली आहे. गटातल्या बहुतेक जणी दिवाळी अंकांवर वाढलेल्या. बिबट्या होणारा नायक म्हटल्यावर एकीने लगेच विचारलं, "इच्छाधारी नागासारखं का?" कुणी वाचली आहे का? प्रणय किती आणि बाकी कथा किती?

रबाळे_स्लो
मी वाचली. ठाणे-वाशी लोकलमध्ये, शेजारणीला मोबाइल दिसणार नाही असा धरून. त्यावरून प्रणयाचा अंदाज घ्या!

पण जग झकास उभं केलंय. काळ २०७९. 'साय' ही मनःशक्ती असलेली जमात. त्यांच्यात वेड आणि हिंसा बोकाळली, म्हणून १९७९ पासून मुलांच्या भावनाच मारून टाकायला सुरुवात झाली. त्या पद्धतीचं नाव सायलेन्स. वर सगळ्यांची मनं सायनेटला जोडलेली. त्यातून तुटलात की मेलात, म्हणजे पहारेकऱ्यांची गरजच नाही. नायिका साशा त्यांच्यातलीच, पण तिला मात्र सगळं जाणवतं. आई सत्ताधारी परिषदेवर, आणि हिने तिच्यासमोर चेहरा कोरा ठेवून कामाचं बोलायचं. ती पानं वाचताना माझाच जीव मुठीत.

तिची आणि बिबट्या-नायक लुकासची गाठ पडते ती चक्क गृहप्रकल्पामुळे. मी खारघरला आर्किटेक्टकडे काम करते, त्यामुळे कान टवकारले. पण प्रकल्प नुसता निमित्ताला. ओसीबद्दल (भोगवटा प्रमाणपत्राबद्दल) चकार शब्द नाही.

घोडं अडतं लुकासपाशी. बिबट्यांच्या कळपात स्पर्श म्हणजे आधार, हे छान पटवलंय. पण त्याची मालकी, त्याचा मत्सर, सगळं 'बिबट्याच तो' म्हणून खपवलंय. आमच्या ऑफिसात कुणी असा वागला असता तर एचआरपर्यंत गेलं असतं. आणि सायलेन्स म्हणतं प्रेम करायचंच नाही, तर बिबट्यांच्यातलं जोडीदाराचं बंधन म्हणतं सुटकाच नाही. लेखिकेला यातली गंमत दिसायला हवी होती, ती सरळ पुढे निघून जाते.

खुनाचं कथानकही आहे. खुनी कोण यापेक्षा परिषद त्याला का लपवते, ते भारी. सायलेन्सने हिंसा संपवली हा त्यांचाच दावा ना!

घणसोली_सेक्टर
लुकासबद्दल मान्य, साशाबद्दल नाही. मरण समोर दिसत असताना नेट सोडायचं ती स्वतः ठरवते. त्याने तिला उचलून नेलेलं नाही. ह्या प्रकारच्या कादंबऱ्यांत एवढंही फार वेळा मिळत नाही.

कोपरीकर
वाद घालायला बरंच आहे म्हणायचं. घेतो. एकाच बैठकीत संपेल ना?

रबाळे_स्लो
साशा-लुकासचं संपेल. पण हा मालिकेतला पहिला भाग, सायलेन्सचं पुढे काय होतं ते नंतरच्या पुस्तकांत. गटाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर शिव्या तुम्हाला बसतील.