वादग्रस्त की विवादित? आणि तेलाचं क्षेत्र की विहीर?

स्पर्धा परीक्षेच्या नोट्स मराठीत करून द्यायचं काम करते, सदाशिव पेठेत दोन टेबलांचं ऑफिस आहे आमचं. काल सुदान आणि दक्षिण सुदानचं पान चाललं होतं, त्यांच्या सीमेवरच्या हेग्लिग या तेलाच्या जागेचं. मी लिहिलं 'वादग्रस्त तेलक्षेत्र'. तपासणाऱ्या सरांनी वादग्रस्त खोडून 'विवादित' केलं आणि तेलक्षेत्राच्या जागी 'तेलविहीर', का तर म्हणे पोरांना विहीर पटकन कळते. मला दोन्ही खटकतंय पण का ते धड सांगता येईना. कुणी मदत करेल का?

—

ताई, विहीर तर साफ चूक. विहीर म्हणजे एक भोक. क्षेत्र म्हणजे खाली पसरलेला अख्खा साठा, त्यावर अशा कितीतरी विहिरी. १९७४ साली सापडलेल्या मुंबई हायला कुणी विहीर म्हणतं का? आणि हा फरक कळला नाही तर भांडणच कळणार नाही. रुमैला हे तेलक्षेत्र घ्या. साठ्याचा बहुतेक भाग इराकमध्ये, दक्षिणेचं टोक तेवढं कुवेतमध्ये, तिकडे त्याला रतका म्हणतात. जुलै १९९० मध्ये इराकने अरब लीगकडे तक्रार केली की कुवेतने आमचं २४० कोटी डॉलरचं तेल उपसलं, तेही तिरक्या विहिरी खणून, असा आरोप, आणि २ ऑगस्टला सैन्य घुसवलं. म्हणजे विहीर कुवेतची, क्षेत्र दोघांचं. सरांना एवढंच सांगा.

—

याला आमच्याकडे सरळ बांध कोरणे म्हणतात :) शिरूरकडे आमच्या मामांचा शेजारी दर वर्षी नांगराचं एक तास बांधाकडे सरकवायचा, चार-पाच वर्षांनी बघतो तर बांधावरची बोर त्याच्या रानात. मोजणी आणली, खुणेचे दगड लावले, पुढच्या पावसाळ्यात दगड गायब. इराक-कुवेतची मोजणी युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांनी केली, १९९३ ला सुरक्षा परिषदेने ती हद्द कायम केली. दगड कोण हलवतंय तिथे.

—

विवादित हिंदी चॅनलवरून आलाय. तसा चूक म्हणता येणार नाही, विवाद आपल्याकडेही आहेच, इत लागला की झालं, पण कानाला मराठी वाटत नाही. वादग्रस्त कसा, दुष्काळग्रस्त पूरग्रस्तच्या रांगेतला, जमिनीला वादाने धरलंय असं दिसतं त्यात. फक्त एक घोळ आहे, पेपरवाल्यांनी पुढाऱ्यांच्या विधानांना लावून लावून तो इतका गुळगुळीत केलाय की आता वादग्रस्त म्हटलं की जमीन आठवतच नाही.

—

मी वकिली करतो. आम्ही 'वादातील मिळकत' लिहितो. पण जपून हं, एकदा आमच्याच टायपिस्टने 'वादातील'चं 'वादातीत' केलं होतं. एका अक्षराने अर्थ उलटा, म्हणजे या जमिनीबद्दल वादच नाही! पान छापून, सही होऊन, पार प्रती काढायला गेल्यावर लक्षात आलं.

—

वकीलसाहेब, हेग्लिगचं भांडण नेमकं हेच आहे की! २००९ ला हेगच्या लवादाने अब्येईची, म्हणजे उत्तर-दक्षिणेमधल्या वादाच्या प्रदेशाची, हद्द आखली त्यात हेग्लिग बाहेर राहिलं. खार्टूमचं, म्हणजे सुदानचं म्हणणं, मग ते आमचं, वादातीत. जुबाचं, म्हणजे दक्षिण सुदानचं म्हणणं, अब्येईच्या बाहेर म्हणजे उत्तरेत असं कुठे लिहिलंय, वादातील. दक्षिण सुदान जुलै २०११ मध्ये वेगळा झाला, बरंचसं तेल घेऊन गेला पण पाइपलाइन उत्तरेतूनच, मग भाड्यावरून तंटा, आणि एप्रिल २०१२ मध्ये दक्षिणेच्या सैन्याने हेग्लिग घेतलं, दहाएक दिवसांनी सोडलं. हेग्लिगच्या तेलप्रकल्पात आपल्या सरकारी ओएनजीसी विदेशचाही २५ टक्के हिस्सा होता, म्हणजे अगदीच परकं भांडण नाही आपल्याला.

आणि ताई, नाव एकच लिहू नका. दक्षिणेत त्याला पांथोऊ म्हणतात. एकच नाव लिहिलं की तुम्ही एका बाजूच्या झालात.

—

गंमत सांगू? ही दोन्ही नावं एकाच झाडाची. हेग्लिग अरबी, पांथोऊमधला थोऊ दक्षिण सुदानातल्या डिंका भाषेतला, आणि झाड म्हणजे आपल्या हिंगणबेटाचं आफ्रिकेतलं भावंड! हिंगण, काटेरी, माळरानावरचं. संस्कृतात इंगुदी. शाकुंतलात हरणाच्या पाडसाच्या तोंडाला दर्भ लागतो तिथे शकुंतला ज्याचं तेल लावते तेच हे. आजी सांगायची की फळाचा गर पाण्यात घुसळला की साबणासारखा फेस येतो, रेशमी लुगडी त्यात धुवायचे. आपल्या पुण्याच्या हिंगण्याचं नावही यावरूनच असावं असं मला आपलं वाटतं, पुरावा विचारू नका. म्हणजे बी पिळून तेल काढायचं झाड, आणि त्याच नावाच्या जागेवर जमिनीतल्या तेलासाठी रणगाडे.

—

सगळ्यांचे खूप आभार. आत्ताच सरांशी बोलले. विहीर गेली, क्षेत्र परत आलं. वादग्रस्तही मिळालं, पण मथळ्यात विवादितच ठेवायचं म्हणतात, पोरं हिंदीतल्या नोट्सही वाचतात ना. पांथोऊ कंसात घातलं. हिंगणबेटाची एक ओळ घालू का विचारलं तर चष्म्यावरून बघत म्हणाले, "परीक्षेला येणारे का ते?"