आयसीएमआर जर पैसे देणारी संस्था, तर लसीची रॉयल्टी तिला कशी?

सेलूचं_पोरगं
राम राम मंडळी. मी मूळ सेलूचा, सध्या संभाजीनगरला औरंगपुऱ्यातल्या अभ्यासिकेत राज्यसेवेची तयारी करायलोय. काल चहाच्या टपरीवर वाद झाला. मित्र म्हणाला, आयसीएमआर (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) म्हणजे संशोधनाला पैसे वाटणारं सरकारी खातं, कोरोनात त्यांनी पत्रकार परिषदा सोडून केलं काय? मी म्हणालो, कोव्हॅक्सिन. तर म्हणतो, पैसे देणाऱ्याला रॉयल्टी कशी काय मिळते मग? माझी बोलतीच बंद. नोट्समध्ये नुसतं ‘मोलाची भूमिका बजावली’ एवढंच छापलंय. कुणी नीट सांगेल का?

गेवराईचा_आरोग्यसेवक
बाळा, तुझा मित्र अर्धा बरोबर आहे. १९११ साली ही संस्था निघाली तेव्हा तिचं नावच होतं इंडियन रिसर्च फंड असोसिएशन. आयसीएमआर हे नाव १९४९ चं. पण ती नुसती पैसे देत नाही, तिच्या स्वतःच्या संशोधन संस्थाही आहेत. पुण्याची विषाणूंवर संशोधन करणारी एनआयव्ही तिचीच. तिथं विषाणू वेगळा काढला, तो कोव्हॅक्सिन बनवणाऱ्या भारत बायोटेक कंपनीला दिला, माणसांवरच्या चाचण्यांसाठी ३५ कोटी खर्चले, म्हणून विक्रीवर ५ टक्के. आपल्याकडं बटईनं शेत करतात ना, तसं धर. बी एकाचं, राबणूक दुसऱ्याची.

पण लसीचं सगळ्यांनाच माहीत असतं. मी निवृत्त आरोग्यसेवक, मला दुसरंच आठवतं. मे २०२० मध्ये आयसीएमआरनं देशभर अँटिबॉडी तपासणीचा सर्व्हे केला (संसर्ग होऊन गेला की रक्तात अँटिबॉडी सापडतात), ७० जिल्हे निवडले होते. महाराष्ट्रातले सहा, त्यातले तीन आपले: बीड, परभणी, नांदेड. जिल्ह्यात १० ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी ४० माणसं. म्हणजे एका जिल्ह्यात ४०० जणांचं रक्त.

आमच्या हद्दीतल्या एका गावात पथकाला वाट दाखवायला मी होतो. ऊन असं की दुपारी कुत्रं बाहेर दिसत नव्हतं. कारखान्यावरून आलेली ऊसतोड्यांची टोळी शाळेत ठेवलेली, त्यामुळं गाव आधीच बिथरलेलं. त्यात आम्ही सुया घेऊन दारात! घरटी एकच माणूस घ्यायचा, तोही आपल्या मर्जीनं नाही, ज्याचा नंबर निघेल तो. एका घरी नंबर निघाला म्हातारीचा. ती म्हणे, “मला साधा खोकला नाही, रक्त काहून द्यू? सुनेचं घ्या.” मी म्हणालो, मामी, शितावरून भाताची परीक्षा असती. तर म्हणे, “आमच्यात भात सणालाच असतो.” शेवटी हात पुढं केला, पण पदरानं तोंड झाकून घेतलं. ते मास्कसाठी नव्हतं, सुई बघवंना म्हणून. रक्त चेन्नईला जाणार हे कळल्यावर शेजारचा एक गडी म्हणाला, “बस बंद, रेल्वे बंद, अन् मामीचं रक्त मद्रासला निघालं.”

त्यातून निघालं की देशातल्या शंभर मोठ्या माणसांत एकालाही पुरता तोवर संसर्ग झालेला नाही. ०.७३ टक्के. लहान आकडा वाटतो, पण त्याचा हिशेब मांडला तर मेच्या सुरुवातीपर्यंत सुमारे ६४ लाख लागण झालेले. तपासणीत सापडलेले त्या मानानं चिमूटभर. पुढं त्याच ७० जिल्ह्यांत आणखी तीन फेऱ्या झाल्या. २०२१ च्या जून-जुलैत, लहान मुलंही मोजली तेव्हा, आकडा ६७.६ वर गेला होता. ह्याच्यासाठी कोणती कंपनी पैसे घालील? लस विकता येते, औषध विकता येतं. ‘किती जणांना होऊन गेला’ हे कुणाला विकणार?

घाटी_रोड_लॅबवाली
दादांनी छान सांगितलं, पण सगळं गोडगोड नको लिहू परीक्षेत. एप्रिल २०२० मध्ये रॅपिड अँटिबॉडी किट राज्यांना गेली, निकाल भलतेच यायला लागले आणि आयसीएमआरनेच वापर थांबवायला सांगितला. आयसीएमआरचं २ जुलैचं पत्र तर गाजलंच: १५ ऑगस्टपर्यंत लस आणा! माणसांवरच्या चाचण्या सुरूसुद्धा झाल्या नव्हत्या. प्रत्यक्षात आपत्कालीन परवानगी मिळाली ३ जानेवारी २०२१ ला.

जमेची बाजू म्हणजे लॅबचं जाळं. मार्चमध्ये आपल्याकडचे स्वॅब पुण्याला जायचे, रिपोर्टची वाट बघण्यातच जीव जायचा. जूनअखेर देशात हजारावर लॅब मंजूर होत्या. आणि पैसे देणारी ती एकटीच नाही बरं. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या (डीबीटी) ‘मिशन कोविड सुरक्षा’ ह्या लस-योजनेला ९०० कोटी होते, ते काम त्याच विभागाच्या बायरॅक ह्या सरकारी कंपनीकडे. डीबीटी आणि आयसीएमआर ही वेगळी घरं आहेत, एकात घालू नकोस, मार्क जातील.

सेलूचं_पोरगं
बटईचं उदाहरण भारीच. काका, ‘दुसरंच आठवतं’ म्हणालात ते सर्व्हेचंच ना?

गेवराईचा_आरोग्यसेवक
सर्व्हेचं, आणि प्लाझ्माचं. ते लिहावं का नाही म्हणून थांबलो होतो.

एप्रिल २०२१. मेहुणा संभाजीनगरच्या एका दवाखान्यात, ऑक्सिजनवर. चिठ्ठी आली: प्लाझ्मा आणा, म्हणजे कोरोनातून बऱ्या झालेल्याच्या रक्तातला पातळ भाग. बीड, जालना, सगळे व्हॉट्सअॅप ग्रुप पालथे घातले. बरा झालेला, रक्तगट जुळणारा माणूस हवा. शेवटी अंबडकडचा एक पोरगा तयार झाला. त्याला मोटरसायकलवर मागं बसवून मीच घेऊन आलो, रस्त्यात दोनदा पोलिसांनी अडवलं. वयाच्या साठीला.

नंतर कळालं की ह्याचं उत्तर आदल्या वर्षीच मिळालेलं होतं. आयसीएमआरनंच ३९ दवाखान्यांत ४६४ रुग्णांवर चाचणी घेतली होती, प्लासिड नावाची. निम्म्यांना प्लाझ्मा, निम्म्यांना नाही. आजार बळावला किंवा माणूस गेला, असं प्लाझ्मा दिलेल्यांत १९ टक्के, न दिलेल्यांत १८. म्हणजे फरक शून्य. ऑक्टोबर २०२० मध्ये बीएमजे ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. उपचारांच्या सरकारी यादीतून प्लाझ्मा निघाला मे २०२१ मध्ये. सात महिने! ह्या सात महिन्यांत किती मोटरसायकली पळाल्या असतील?

तुझ्या मित्राला हे विचार. पैसे घातले, प्रश्न नेमका विचारला, उत्तरही आणलं. आणि त्यांचंच उत्तर त्यांच्याच देशातल्या वॉर्डात पोचायला सात महिने. शाबासकी द्यायची का शिव्या, मला अजून ठरवता येईना.

घाटी_रोड_लॅबवाली
दादा, मेहुण्यांचं काय झालं?

गेवराईचा_आरोग्यसेवक
बरा आहे. यंदा कापूस सोडून तूर लावली त्यानं. आमची मंडळी आजही म्हणती, प्लाझ्मानंच वाचला माझा भाऊ. अंबडच्या त्या पोराला दर दिवाळीला फराळ जातो. मी काही बोलत नाही, डबा नेऊन देतो.