नगरसेवक व्हायचं म्हणतो, कोणी जवळून पाहिलं असेल तर सांगा

वाठोडा_कॉर्नर:
नमस्कार मंडळी. वय 31, हार्डवेअरचं दुकान आहे. जानेवारी 2026 च्या नागपूर मनपा निवडणुकीत एका पॅनेलसाठी बूथवर बसलो, चिठ्ठ्या वाटल्या, कोपरा सभेच्या खुर्च्याही उचलल्या. पुढच्या वेळी स्वतः उभं राहायचं डोक्यात आहे. बाबा म्हणतात दुकान बुडवशील. पण फडणवीस साहेब 1992 ला नगरसेवक झाले, 1997 ला सत्ताविसाव्या वर्षी महापौर, 1999 ला आमदार. पश्चिम नागपूरचे आमदार विकास ठाकरे, मध्यचे प्रवीण दटके हेही आधी महापौरच होते. म्हणजे शिडी तर आहे ना?

जुना_पीए:
शिडी आहे भाऊ, पण दर पाच वर्षांनी कोणीतरी ती उचलून दुसऱ्या भिंतीला लावते.

मी पूर्व नागपुरात एका नगरसेवकाचं जनसंपर्क कार्यालय सांभाळलं. नाव सांगत नाही, भाऊ म्हणू. 2007 ला एक वॉर्ड, एक नगरसेवक अशी पद्धत होती, शहरात 136 जागा. भाऊ थोडक्यात निवडून आले. पाच वर्षं माणूस घरी जेवला नाही. सकाळी सहापासून फोन: नळ नाही आला, गडर तुंबली, खांबावरचा लाइट गेला, मेडिकलमध्ये बेड पाह्यजे, शववाहिनी पाह्यजे. यातलं अर्धं काम मनपाचं नसतेच. रेशनकार्डाचं नगरसेवकाच्या हातात काय आहे? पण "ते आमच्याकडे येत नाही" असं म्हणणारा दुसऱ्यांदा निवडून येत नाही, हे लिहून ठेव.

रस्त्याचं तर विचारूच नको. मनपाच्या झोन ऑफिसचा ज्युनिअर इंजिनिअर येऊन मोजमाप घेणार, अंदाजपत्रक बनवणार, फाइल वर जाणार, टेंडर निघणार, मग वर्क ऑर्डर. आणि या सगळ्यानंतर कोणीतरी सांगणार की लेआउट नासुप्रचा (नागपूर सुधार प्रन्यासचा) आहे, पैसा आमचा लागत नाही. आमच्याकडे असे दोन रस्ते होते. लोकांना नासुप्र अन् मनपाचं भांडण ऐकायचं नसते, त्यांना गिट्टी दिसली पाह्यजे. भाऊंनी ते रस्ते केले. कसे केले ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण केले.

मग आलं 2012. दोन नगरसेवकांचा एक प्रभाग झाला, महिलांना 50 टक्के जागा आल्या, आणि आरक्षणाच्या सोडतीत आमच्या बाजूची जागा महिलांसाठी निघाली. दुसरी जागा दुसऱ्या प्रवर्गात. पाच वर्षं केलेलं काम एका चिठ्ठीत गेलं. मग काय, वहिनींना उभं केलं. पोस्टरवर भाऊंचा फोटो मोठा, वहिनींचा लहान. निवडून आल्या. पहिलं वर्ष भाऊच फाइली पाहत, वहिनी सही करत.

पण त्या शिकल्या ना राजे हो. टाउन हॉलच्या सभेत पाण्याच्या लाइनीवर बोलल्या, पाणीपुरवठा खाजगी कंपनीकडे गेला होता ते दिवस. बिल वाढलं म्हणून वस्तीतल्या बायांना घेऊन झोनवर बसल्या. 2017 ला चारचा प्रभाग झाला, 151 नगरसेवक, 38 प्रभाग. म्हणजे एका प्रभागात साठ हजारांवर लोक. तिकीट वाटताना पक्षाने विचारलं ते वहिनींना. भाऊ घरी बसले, आणि खरं सांगतो, ते त्यांना जड गेलं. घरात दोन महिने अबोला होता.

चारच्या प्रभागात अजून एक गंमत. नाली बांधली एकानं, फलकावर नावं चौघांची. काम न करणाराही पॅनेलच्या लाटेत निवडून येते अन् राबणारा पडते. तू ज्या शिड्या मोजल्या ना, त्यांच्यामागे पक्ष, घराणं, नशीब किती होतं तेही मोज.

महालची_सून:
पीए दादा बरोबर, पण 'वहिनींना उभं केलं' हे वाचून हसू आलं. आमच्याकडे 'नगरसेविकेचे यजमान' हे वेगळं पदच आहे, मानधन नाही एवढंच.
मानधनावरून आठवलं: 2017 ला सरकारनं नागपूरच्या नगरसेवकांचं 20 हजार केलं. रोज दारात दहा माणसं आली तर चहातच जाते. दुकान अजिबात बंद करू नकोस. आणि पहिल्याच टर्ममध्ये स्थायी समिती (मनपाचा खर्च मंजूर करते ती) मिळेल असं धरून चालू नकोस. 16 जागा असतात, नावं पक्षाचे गटनेते ठरवतात.

तर्री_प्रेमी:
एक कामाचं सांगतो. राखीव जागेवर लढायचं असेल तर जातवैधतेचा दाखला आताच काढायला टाक. अर्जाची पावती जोडून उभं राहता येते, पण मुदतीत दाखला नाही आला तर निवडून आलेलं पदही जाते. मालमत्ता कर भरून ठेव. आणि 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं लेकरू झालं की अपात्र, तेही लक्षात असू दे.

वाठोडा_कॉर्नर:
तिसरं कशाचं, अजून लग्न नाही झालं 😄 पण पीए दादा, मार्च 2022 पासून मनपावर प्रशासक होता, जवळपास चार वर्षं नगरसेवकच नव्हते. तेव्हा वहिनी काय करत होत्या?

जुना_पीए:
तेच, फक्त सहीचा अधिकार नव्हता. 22-23 सप्टेंबर 2023 च्या रात्री अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीत पाणी शिरलं. आमचा भाग नव्हता तो, पण सकाळी आमची पोरं चादरी अन् पाण्याचे कॅन घेऊन तिकडे गेली, वहिनींनीच पाठवली. आणि 2026 ला त्यांचं तिकीट कापलं. सोडत नडली नाही, वरून नाव आलं.
फोन अजूनही वाजतेच. मंगळवारी संध्याकाळी त्या घरी बसतात, लोकांचे अर्ज लिहून देतात. शिकायचं असेल तर व्यक्तिगत निरोप कर, पत्ता देतो. हात हलवत जाऊ नको. तुझ्या गल्लीतलं एखादं अडकलेलं काम कागदासकट घेऊन जा. आणि भाऊ समोर बसले असतील तर आधी त्यांना नमस्कार कर.