'तोतया भाषा' म्हणता येईल का?

वाचनवेडी:
लुइझियानातल्या ताएन्सा जमातीवरच्या लेखाचं भाषांतर करतेय. १८८२ला पॅरिसात त्यांच्या भाषेचं व्याकरण, शब्दसंग्रह आणि गाणी छापली गेली. कागद पुरवले पारिझो नावाच्या विद्यार्थ्यानं. १८८५ला ब्रिंटन या अमेरिकन अभ्यासकानं तो सगळा बनाव उघडा पाडला. अशा भाषेला मी 'कृत्रिम' लिहिलं, संपादक म्हणतात 'बनावटी' करा. दोन्ही खटकतंय.

मोडीवाला:
'बनावट' लिहा. बनावट सनद, बनावट ताम्रपट. 'बनावटी' हिंदीची उसनवारी. 'कृत्रिम' तर नकोच, एस्पेरान्तो ही मुद्दाम घडवलेली भाषाही कृत्रिम आहे, तिनं कुणाला फसवलं?

लिंबूटिंबू:
आमची आजी 'बनावटी दागिने'च म्हणायची, आणि हिंदीशी तिचा संबंध नव्हता! माझं मत 'तोतया भाषा'. ताएन्सांची खरी भाषा होतीच, तिच्या नावावर दुसरीच उभी केली. भाऊसाहेबांच्या तोतयासारखी.

मोडीवाला:
तोतया माणूस असतो हो. भाषा कशी असेल?

लिंबूटिंबू:
पेपरात 'तोतया महिला पोलीस' येतं की. शिवाय तोता म्हणजे पोपट. पढवलेलं बोलतो तो तोतया.

केळफूल:
पोपट गोड आहे, पुरावा द्या. बाकी लिंबूटिंबूंचं पटतंय. ताएन्सा आणि शेजारची नाचेझ जमात एकच भाषा बोलतात असं जुन्या फ्रेंच मिशनऱ्यांच्या पत्रांत आहे. स्वॉन्टन या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञानं नंतर नेमकं तेच दाखवलं. पारिझोच्या व्याकरणाचा नाचेझशी मेळ बसत नाही.

वाचनवेडी:
मग 'तोतया' ठेवते बहुतेक. पण पुढचा परिच्छेद जास्त छळतोय. त्यांच्या देवळाच्या छपरावर उगवतीकडे तोंड केलेले तीन गरुड होते, आत अग्नी कधी विझू देत नसत. १७००मध्ये वीज पडून ते जळालं. इबरव्हील हा फ्रेंच शोधप्रवासी तेव्हा तिथंच होता. कोप शमावा म्हणून आयांनी तान्ही मुलं आगीत टाकली. इथं 'देऊळ' चालेल?

मोडीवाला:
देऊळ नको, लगेच घंटा आणि गाभारा डोळ्यांपुढे येतो. 'पूजास्थान'.

लिंबूटिंबू:
पूजास्थान म्हणजे सरकारी पाटी! देऊळच. आमच्याकडे भुताखेतांचंही देऊळ असतं.

केळफूल:
आणि 'अग्निहोत्र' तर अजिबात लिहू नका.

मोडीवाला:
'धुनी' का नको?

लिंबूटिंबू:
धुनी साधूची. एकट्याची. इथं अख्खा गाव आहे.